सायकल आणि तिचे कुलूप

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कोणी डॉक्टरीणबाई किंवा प्राध्यापिका बोलावतो. यंदा कार्यकारिणीने मला उभे केले आहे. मी सायकलच्या दुकानात बसणारी बाई. सकाळी हळदीकुंकवाची तबके पुसली तरी नखांतले ग्रीस काही गेले नाही, तेव्हा तेवढे सांभाळून घ्यावे. विषय विचारला तेव्हा मी म्हटले, ‘कुलूप.’ त्यावर एका भगिनीने विचारले, ‘तिजोरीचे की तोंडाचे?’ तोंडाचे कुलूप आमच्या घरात आजवर कोणाला लागलेले नाही, त्यामुळे त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. मी बोलणार आहे सायकलच्या कुलपावर.

१९७८ साली मी लग्न होऊन या गावात आले. त्या वेळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. आमचे दुकान त्याच्याही आधीचे. भाड्याने सायकली देण्याचा धंदा होता. गिऱ्हाईक येई, वहीत नाव, गाव, वेळ लिहिली जाई आणि तासाच्या बोलीने सायकल मिळे. मी आत स्वयंपाक करता करता ऐकत असे. एक गोष्ट मला तेव्हा फार नवलाची वाटे. भाड्याच्या सायकलींना कुलूप असे ते नावालाच. कित्येकांच्या किल्ल्या हरवलेल्या, तरी सायकल परत येई. घेणारा कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या आळीतला, हे यजमानांना ठाऊक असे. सिनेमाच्या थिएटराबाहेर सायकलींची रांग लागे, तिथला माणूस हँडलला पत्र्याचा बिल्ला अडकवी आणि जोडीचा बिल्ला आपल्या हातात देई. बाजारात गेले तर ओळखीच्या दुकानदाराला ‘जरा लक्ष ठेवा हं’ म्हटले की काम भागे. म्हणजे खरे कुलूप माणसाच्या डोळ्यांत होते, चाकावर होते ते नुसते निमित्त.

आता ते डोळे राहिले नाहीत. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. गाव वाढले, पोलादाचे कारखाने आले, बियाण्यांच्या कंपन्या आल्या, चहूकडच्या खेड्यांतून पोरे-पोरी शिकायला येऊ लागल्या. सदर बाजारात उभे राहिले तर दहा माणसांत एक ओळखीचे निघत नाही. वाहनतळ आहेत, पण तिथला माणूस मोटारसायकल घेतो, सायकलकडे पाहतही नाही. अशा गावात आपण अजून तेच जुने गोल कुलूप मागच्या चाकाला लावतो आणि निर्धास्त जिन्याने वर जातो.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. ज्या प्रसंगावरून मला हा विषय सुचला त्यात चूक माझीच होती.

अंबड रस्त्यावरच्या एका खेड्यातून एक मुलगी बारावीच्या शिकवणीला येते. वडील नाहीत. आई कापूस वेचायला जाते. वेचणीच्या दोन हंगामांतून मागे टाकलेल्या पैशांतून आईने तिला सायकल घेऊन दिली, तीही कोणाची तरी वापरलेली. जूनमध्ये मायलेकी आमच्या दुकानात आल्या. ब्रेकची रबरे बदलली, चेन घट्ट केली आणि आई म्हणाली, ‘एक कुलूप बी द्या, सस्तातलं.’ मी ऐंशी रुपयांचे गोल कुलूप मागच्या चाकावर बसवून दिले. दिवसाला अशी चार कुलपे मी विकते. विकताना विचार करीत नाही.

भाद्रपदातली गोष्ट. संध्याकाळी सात वाजता मी दुकान आवरीत होते. ती मुलगी आली. काही बोलली नाही. काउंटरवर तिने किल्ली ठेवली. किल्ली मी ओळखली, माझ्याच डब्यातली होती. मग हळूच म्हणाली, ‘काकू, कुलूप तर लावलेलं होतं हो.’

किल्ली तिच्या हातात होती. सायकल नव्हती.

भगिनींनो, तिने मला बोल लावला असता तर बरे झाले असते. तिला वाटत होते की कुलूप लावण्यात तिचेच काही चुकले. मी तिच्याबरोबर त्या जागी गेले. शिकवणी वरच्या मजल्यावर, खाली जिन्याची मोकळी जागा, भिंतीला टेकून सायकली उभ्या. कुलूप तुटल्याची खूण नाही, जमिनीवर लोखंडाचा तुकडा नाही. चोराने कुलूप फोडलेच नव्हते. फोडण्याची गरज काय? बायकांची सायकल अठरा-वीस किलोची. कॅरिअर धरून मागचे चाक उचलायचे आणि पुढच्या चाकावर ढकलत न्यायची, किंवा सरळ मालवाहू रिक्षात टाकायची. पाहणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याची किल्ली हरवलेली दिसते! कुलूप उघडण्याचे काम घरी जाऊन सावकाश करता येते.

त्या रात्री मी यजमानांच्या जुन्या वहीपुढे बसून राहिले. चाळीस वर्षांहून अधिक काळ सायकलींच्या घरात राहून एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ते गोल कुलूप सायकलला सायकलशीच बांधते. म्हशीचे दावे म्हशीच्याच पायाला बांधावे तसे ते आहे. आपण बैल बांधतो तो खुंट्याला. सायकलला मात्र खुंटा नाही!

पुढचे थोडक्यात सांगते. मुलीचे शिकवणीला येणे बंद पडले. संध्याकाळची एस.टी. तिच्या सुटण्याच्या वेळेआधी निघून जाते. चुलत्याने आईला ऐकवले, ‘आता बसंल घरी, शिकली तेवढी पुरे.’ सायकल गेली एवढेच आपण म्हणतो, पण त्या घरात सायकलबरोबर काय काय जायला निघाले होते ते पाहा. मुलाची सायकल चोरीला गेली तर त्याला दुसरी मिळते किंवा तो कोणाच्या मोटारसायकलीवर मागे बसून जातो. मुलीची गेली की घरातल्यांना जे आधीपासून मनात होते त्याला कारण मिळते.

सरकारलाही हे ठाऊक आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. २०२२ साली ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांवर सकाळी या सायकलींची रांग दिसते तेव्हा मला फार बरे वाटते. पण हे पैसे मिळतात ते एकदाच. सायकल चोरीला गेली म्हणून दुसऱ्यांदा कोणी देत नाही. आणि योजनेच्या कागदात कुलपाचा विचार कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या नातवाने मध्यंतरी मला त्याच्या फोनवर एक जुना इटालियन चित्रपट दाखविला, ‘बायसिकल थीव्ह्ज’, १९४८ सालचा. रोम शहरात महायुद्धानंतरची बेकारी. एका माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण अट अशी की सायकल पाहिजे. सायकल तर गहाण पडलेली. त्याची बायको काय करते? अंथरुणावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण टाकते. सायकल सुटते. कामाच्या पहिल्याच दिवशी तो शिडीवर चढून कागद चिकटवीत असता सायकल चोरीला जाते. पुढे बाप आणि लहान मुलगा रोमभर ती शोधत फिरतात. नातवाला बाप-मुलाचे दुःख भिडले. मला मात्र शेवटपर्यंत त्या चादरी दिसत राहिल्या. आणि दुकानदारीण म्हणून मनात आलेच, अहो, शिडीवर चढण्याआधी ती कशाला तरी बांधून ठेवायची होती!

आता बांधावयाची कशी, ते सांगते.

सायकलीच्या मागच्या भागाकडे नीट पाहा. सीटखालून दोन नळ्या मागच्या चाकाच्या आसापर्यंत येतात. पायडलच्या आसापासून दोन नळ्या तिथेच येतात. तिसरी बाजू सीटखालच्या उभ्या नळीची. असा त्रिकोण तयार होतो. आपल्या बायकांच्या सायकलीला वरचा दांडा नसतो, त्यामुळे साखळी कुठून घालावी हे कळत नाही, पण हा मागचा त्रिकोण प्रत्येक सायकलीला असतोच. साखळी किंवा कुलूप या त्रिकोणातून न्यावयाचे, त्याच वेळी मागच्या चाकाच्या रिंगमधून न्यावयाचे आणि मग जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाभोवती घालून बंद करावयाचे. एकाच फेऱ्यात चाक, सांगाडा आणि खांब तिन्ही अडकतात.

अमेरिकेत शेल्डन ब्राउन नावाचे सायकलींचे एक जाणते कारागीर होते. २००८ साली ते वारले. त्यांनी याहीपुढे जाऊन सांगितले की लोखंडी यू आकाराचे लहान कुलूप असेल तर ते त्रिकोणाच्या आत, मागच्या चाकाची रिंग आणि खांब यांच्याभोवती घातले तरी पुरते. नळीभोवती घालण्याची गरजच नाही, कारण कुलूप अडकलेले चाक त्रिकोणातून बाहेर निघत नाही. कोणी विचारील, चोर रिंगच कापील तर? रिंग कापणे दिसते तितके सोपे नाही. तारांनी तिला चोहोबाजूंनी आत ओढून धरलेले असते. करवत आत शिरू लागली की रिंग मिटू पाहते आणि पाते अडकते. आमच्या दुकानात एका वाकलेल्या चाकाची रिंग तारा न काढता कापून मी स्वतः हे पाहिले. पाते तर अडकलेच, वर कारागीर माझ्यावर चिडला तो निराळा.

पुढचे चाक मात्र कधीही एकटे बांधू नये. ते काढावयास पाना असला की दोन मिनिटे लागतात आणि नव्या तऱ्हेच्या काही सायकलींना तर पानाही लागत नाही. तुम्ही परत याल तेव्हा साखळी, कुलूप आणि पुढचे चाक जागच्या जागी असेल, बाकीची सायकल नसेल.

कुलपांविषयी थोडे. दुकानदारीण असून मी माझ्याच मालाची निंदा करते आहे, तेव्हा खरे मानावयास हरकत नाही. रंगीत प्लास्टिकच्या वेष्टनातले वायरचे कुलूप बोटाएवढे जाड दिसते, आत मात्र बारीक तारांचा पीळ असतो. चांगल्या कातरपकडीपुढे तो टिकत नाही. सीट किंवा पुढचे चाक अडकवण्यापुरते ते दुसरे कुलूप म्हणून ठीक आहे. नंबरचे कुलूप मुलांना आवडते, किल्ली सांभाळावी लागत नाही. तीन आकड्यांच्या कुलपाचे सगळे मिळून एक हजार आकडे होतात. एका सेकंदाला एक या हिशोबाने सतरा मिनिटांत सगळे फिरवून होतात आणि शिकवणी असते तासाची! शिवाय मुले करतात काय, तर शेवटचे एकच चक्र एक घर सरकवून पळतात. स्वस्त किल्लीच्या कुलपांची गंमत आणखी निराळी. परवा मी माझ्या डब्यातली एक डझन गोल कुलपे घेऊन बसले आणि प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लावून पाहिली. दोन कुलपे परक्या किल्लीने उघडली. तो डबा मी परत पाठविला.

महाग कुलूप म्हणजे चांगले, असेही समजू नये. २००४ साली अमेरिकेत मोठाच गोंधळ झाला. तिथे नळीसारख्या गोल किल्लीची यू-कुलपे भारी समजली जात. एका माणसाने दाखवून दिले की साध्या बॉलपेनची प्लास्टिकची नळी किल्लीच्या भोकात दाबून फिरवली की कुलूप उघडते. कंपनीला ती कुलपे बदलून द्यावी लागली. आपल्याकडे अजून गोल किल्लीची कुलपे विकावयास येतात. घेताना चपटी किल्ली असलेले घ्यावे.

मग घ्यावे तरी काय? ज्यांना परवडेल त्यांनी यू-कुलूप घ्यावे. त्याच्या आत मोकळी जागा जितकी कमी उरेल तितके बरे, म्हणजे पहार घालून पिळता येत नाही. नाही परवडले तर कड्या सांधलेली जाड साखळी आणि वेगळे चांगले कुलूप. आपली अलिगढची कुलपे याला उत्तम. साखळी वीतभर ओढून पाहावी, कड्यांच्या सांध्यात फट दिसली तर घेऊ नये. आणि साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये. साखळी खाली असली की चोर कातरपकडीचा एक दांडा जमिनीला टेकवतो आणि दुसऱ्यावर अंगाचे सगळे वजन टाकतो. वर, त्रिकोणाच्या उंचीवर असली की त्याला नुसत्या हाताच्या जोरावर कापावे लागते. कुलपाचे तोंड खाली असावे. पावसाचे पाणी जात नाही आणि हत्यार घालायलाही अडचण पडते.

कुलपात खोबरेल घालण्याची आपली सवय सोडावी. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ त्यावर बसते आणि कुलूप अडते. शिलाई मशीनचे तेल दोन थेंब पुरते. त्याहून चांगले म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची पूड. किल्लीला ती लावून किल्ली चार वेळा फिरवावी. दुसरी किल्ली घरात देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला. सायकलच्या सीटखाली चिकटवून ठेवणाऱ्या हुशार भगिनी मला माहीत आहेत. त्यांची नावे मी आज घेत नाही.

खांब कोणता, हाही विचार असतो. आडवी फळी नसलेल्या ठेंगण्या खांबावरून सायकल कुलपासकट वर उचलून काढता येते. कोवळ्या झाडाला बांधली तर झाडही जाते आणि सायकलही. विजेच्या खांबाला, विशेषतः पावसाळ्यात, मुळीच बांधू नये, जीव सायकलीपेक्षा मोठा आहे. गेल्या गणपतीत एका गृहस्थांनी भारी साखळीने सायकल मंडपाच्या बांबूला बांधली. चोराने मंडपाची सुतळी सोडली, बांबू जरा वर उचलला आणि साखळीसकट सायकल नेली. साखळी फुकट मिळाली.

घरीही बांधावी. जिन्याखाली, बोळात, ओट्यावर ठेवलेल्या सायकली रात्रीच्या जातात. भिंतीत सिमेंटने एक जाड लोखंडी कडे बसवून घ्यावे. गवंड्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.

कागदाचा भाग मला त्या मुलीबरोबर चौकीत गेल्यावर समजला. तिथल्या हवालदारसाहेबांनी विचारले, पावती आहे? नव्हती. सायकलचा नंबर? ठाऊक नाही. फोटो? एकही नाही. रंग गुलाबी, एवढेच ती सांगू शकली. आता अशा गुलाबी सायकली गावात किती असतील! प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यावर कारखान्याचा नंबर ठोकलेला असतो, बहुधा सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या आसाखाली. आज घरी गेल्यावर फडक्याने पुसून तो वाचा, रेशनकार्डाबरोबर लिहून ठेवा आणि फोनवर त्याचा एक फोटो काढा. जुनी युक्ती आणखी एक आहे. सीट काढून आतल्या नळीत आपल्या नावाची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी. चोर रंग बदलतो, घंटी बदलतो, पण तिथे बघत नाही.

कायद्याचीही गोष्ट सांगते, कारण ती मला ठाऊक नव्हती. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचे कलम आता ३०३. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, राहत्या घरातून चोरली तर कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत. पण पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा असते. एखाद्या पोराने पहिल्यांदा हात मारला तर त्याला तुरुंगात घालू नये, हे मला पटते. पण हिशोब पाहा. सरकारी सायकलीचे पैसे पाच हजार. सायकल एक वर्ष वापरली की तिची किंमत त्याच्या खाली आली. म्हणजे आपल्या बहुतेक मुलींच्या सायकली कायद्याच्या त्या रेघेच्या खालीच. म्हणून पावती जपून ठेवा. किमतीचा तोच एक पुरावा. आणि तक्रार लहान म्हणून नोंदवायची टाळू नका. सायकल सापडली तर ती तुमची हे त्याच कागदावरून ठरते.

त्या मुलीची सायकल सापडली नाही. आमच्याकडे भाड्याच्या काळातला एक सांगाडा माळ्यावर पडला होता. त्याला चाके बसविली, रंग दिला, दोन आठवड्यांनी ती पुन्हा शिकवणीला येऊ लागली. मी पैसे नको म्हटले. आईने ऐकले नाही. दर आठवड्याच्या बाजाराला येते आणि पन्नास रुपये ठेवून जाते. साखळी-कुलूप मात्र मी दिले आणि त्याचे पैसे घेणार नाही हे तिला बजावले. ते ऐंशी रुपये माझ्याकडे तिचेच होते.

पण साखळी दिली आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी विचारते, ‘काकू, बांधू कशाला?’ शिकवणीच्या खाली खांब नाही. बँकेसमोर नाही. भाजीबाजारात नाही. आपल्या या मंडळाच्या दारातही नाही. भगिनींनो, आपले गाव सळईचे गाव. इथल्या भट्ट्यांत लोखंड वितळते, सळयांचे ट्रक येथून दूरदूर जातात. त्या गावात पोरीला सायकल बांधायला हातभर लोखंडी दांडी मिळू नये?

इंग्लंडमध्ये शेफील्ड नावाचे गाव आहे, तेही पोलादासाठीच प्रसिद्ध. सायकल बांधण्याच्या एका साध्या चौकटीला त्या गावाचे नाव पडले आहे. उलट्या यू आकारात वाकवलेला पाइप, दोन्ही टोके सिमेंटात रोवलेली, उंची साधारण पाऊण मीटर. एका चौकटीला दोन्ही बाजूंनी दोन सायकली टेकतात आणि सांगाडा, चाक दोन्ही बांधता येतात. नुसते पुढचे चाक खोचून ठेवण्याचे जे दातेरी स्टँड आपण शाळांतून पाहतो ते सायकल उभी ठेवण्याच्या कामाचे, बांधण्याच्या नव्हे.

मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडे भाव काढला आहे. पाच चौकटी, म्हणजे दहा सायकली. दोन चौकटींमध्ये मीटरभर अंतर ठेवले तर नळापासून फाटकापर्यंतच्या भिंतीलगत त्या बसतात. काल मी टेपने मोजून पाहिले. तुळशीवृंदावनाला धक्का लागत नाही, हे आधीच सांगते, कारण तो प्रश्न येणार. कार्यकारिणीपुढे मी अर्ज दिला आहे, अध्यक्षबाईंनी पुढच्या बैठकीत घेण्याचे कबूल केले आहे. खर्चातल्या एका चौकटीचे पैसे आमच्या दुकानाचे. बाकीच्या चार कोणी उचलायच्या ते भिशीच्या दिवशी ठरवू.

आता बाहेर पाहा, फाटकाशी एक निळी सायकल उभी आहे. ती माझी. येताना मी पिशवीत तीन कुलपे आणि एक जुनी कातरपकड आणली आहे. गोल, वायरचे आणि साखळीचे अशी ती कुलपे आहेत. चहा होईपर्यंत ज्यांना हवे त्यांनी आपल्या हाताने वायर कापून पाहावी. कापलेले कुलूप भरून मागणार नाही. फक्त चश्मा लावून या आणि पदर खोचून.